शब्दचर्चा: 'श्रद्धा' की 'मानणं', 'प्रतिष्ठा' की 'मान'?

(प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं ठिकाण दिलं आहे.)

कोथरूड

विद्यार्थ्यांच्या शिबिराचा अहवाल छपाईला जायचा आहे. मुक्काम आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या अंगाला, महादेव कोळ्यांच्या वाडीत होता. त्यातलं हे वाक्य अडलं आहे:

'आदिवासी पाड्यावरील आठ दिवसांच्या वास्तव्यात तेथील भोळ्याभाबड्या लोकांच्या निरागस श्रद्धेने आमचा देवावरील विश्वास दृढ झाला व मानवी प्रतिष्ठेचा खरा अर्थ उमगला.'

व्याकरणाची चूक सापडत नाही, तरी वाक्य पोकळ वाजतं. 'श्रद्धा', 'विश्वास', 'प्रतिष्ठा' हे तिन्ही शब्द जागेवर आहेत का? 'प्रतिष्ठा' काढून 'गरिमा' घाला, अशी एक सूचना आली आहे.

सदाशिव पेठ

गरिमा नको. राज्यघटनेच्या उद्देशिकेच्या हिंदी पाठात 'व्यक्ति की गरिमा' आहे, मराठी पाठात 'व्यक्तीची प्रतिष्ठा'. मराठीत गरिमा म्हणजे जडपणा. अणिमा, लघिमा यांच्या पंगतीतली ती एक सिद्धी. 'पदाची गरिमा' हे अलीकडचं, हिंदी बातम्यांच्या वळणाचं मराठी.

प्रतिष्ठा उद्देशिकेत शोभते, कारण तिथे ती सरसकट प्रत्येक व्यक्तीची आहे. बोलण्यात आली की तिचा अर्थ अरुंद होतो. 'प्रतिष्ठित नागरिक', 'प्रतिष्ठेची लढत', 'प्रतिष्ठा पणाला लागली'. ही प्रतिष्ठा चारचौघांत दोघांनाच असते, आणि निवडणूक हरली की जाते. तुमच्या वाक्यात नेमकं उलट म्हणायचं आहे.

उद्देशिकेतच 'विश्वास, श्रद्धा व उपासना' असे तीन शब्द शेजारी बसवले आहेत. म्हणजे ते एकमेकांना पर्याय नव्हेत. विश्वास बसतो आणि उडतो, श्रद्धा जडते आणि ढळते. विश्वास टाकायला समोर कुणीतरी लागतं, म्हणून विश्वासघात होऊ शकतो. 'श्रद्धाघात' असा शब्द मराठीने घडवलाच नाही. श्रद्धा ही ठेवणाऱ्याकडेच राहते. संस्कृतातली तिची फोडही श्रत् आणि धा, म्हणजे ठेवणं, अशीच आहे. तुमच्या वाक्यात वाडीतल्यांची ती 'श्रद्धा' आणि विद्यार्थ्यांचा तो 'विश्वास', ही वाटणी कोणत्या आधारावर केली?

आणि 'श्रद्धेने' ही तृतीया बघा. कुऱ्हाडीने लाकूड फोडलं, तसं त्यांच्या श्रद्धेने आमचा विश्वास दृढ झाला. वाडीतली माणसं वाक्यात कर्ता म्हणून येतच नाहीत. करण म्हणून, हत्यार म्हणून येतात. पोकळ वाजतं ते त्यामुळे.

घोडेगाव

पहिली दुरुस्ती 'पाडा'. पाडा पालघर, डहाणू, जव्हारकडचा. आपल्या पुणे जिल्ह्यात वाडी म्हणतात: ठाकरवाडी, कातकरवाडी. यवतमाळकडे कोलामांचा पोड असतो. सगळीकडे 'पाडा' लिहिलं की सगळे आदिवासी एकाच ठिकाणचे होऊन जातात. शिवाय अहवालात जमातीचं नाव एकदा तरी यायला हवं. जुन्नर-आंबेगावात बहुतांश महादेव कोळी आणि ठाकर, मुळशी-मावळात कातकरी. 'आदिवासी' हा शब्द चुकीचा नाही. संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी 'बनजाती' या हिंदी शब्दाच्या जागी त्याचाच आग्रह धरला होता, त्यामुळे तो काढून 'वनवासी' करू नका. पण नाव ठाऊक असताना नुसतं 'आदिवासी' लिहिणं म्हणजे पत्त्यावर फक्त 'महाराष्ट्र' लिहिण्यासारखं.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. 'आमची वाघोबावर श्रद्धा आहे' असं वाक्य वाडीत कानावर पडत नाही. 'आम्ही वाघोबाला मानतो' हे पडतं. मानण्यात मनात काय आहे यापेक्षा काय करायचं ते अधिक असतं. आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते, तीच तिकडे वाघबारस. गुराखी घरोघरून शिधा गोळा करतात, वाघोबाच्या ठाण्याशी शिजवतात, आधी नैवेद्य आणि मग पंगत. ज्या जनावरापासून गुरांना भय, त्यालाच वर्षातून एकदा जेवायला वाढायचं. देवराईचंही तसंच. राई देवाची, म्हणून तिथे कोयता चालवायचा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पुण्यातून 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया अभ्यासल्या. त्या राया टिकल्या, कारण मानणं म्हणजे काही गोष्टी न करणं होतं. 'निरागस श्रद्धा' लिहिलं की हा सगळा नियम पुसला जातो आणि नुसता भोळेपणा उरतो.

'भोळेभाबडे' तर सरळ काढा. बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, कधी झोडायचा, किती वाळवायचा, व्यापाऱ्याचा काटा कुठे मारतो, हे ज्याला कळतं तो भाबडा कसा?

औंध

'मानणे'वर थोडी भर. मराठीत मानलेला भाऊ असतो, मानलेली बहीण असते. रक्ताचं नातं नाही हे दोघांनाही माहीत असतं, तरी भाऊबीज होते. म्हणजे मानणं हे पुराव्यावर उभं नाही, दिलेल्या जागेवर उभं आहे. 'तो देव मानत नाही' आणि 'त्याचा देवावर विश्वास नाही' यांतही फरक आहे. दुसऱ्यात वाद आहे, पहिल्यात फक्त देव्हारा नाही.

आता 'मान'. मानणं आणि तो मान, दोन्ही मन् या धातूचे. ती मान, म्हणजे गळ्यामागची, वेगळी. ती संस्कृत मन्या. लिंगावरून फरक कळतो: माझा मान, माझी मान. ('मान राखली' असं एका स्मरणिकेत छापून आलं होतं. खाटकाच्या दुकानाबाहेर चाललं असतं.)

पुण्यात मान म्हणजे काय हे सांगायला नको. मानाचे पाच गणपती, त्यात कसबा पहिला. मान इथे हक्क आहे आणि क्रम आहे, आणि तो मिळाला नाही तर भांडण आहे. लग्नातलं मानपान, पालखीचे मानकरी, सगळं त्याच घराण्यातलं. म्हणून 'मानवी प्रतिष्ठे'ला पर्याय म्हणून नुसता 'मान' घातला तर तोही वर-खाली लावणाराच शब्द होईल. 'सन्मानाने जगणं' किंवा 'माणूस म्हणून मान' असं उलगडून लिहावं लागेल.

सदाशिव पेठ

हे मान्य. 'माणूस म्हणून' हेच वजनदार. गोंड स्वतःला कोइतूर म्हणवतात, त्याचा अर्थ माणूस असा सांगतात. मेळघाटातल्या कोरकूंचं नावही 'कोरो', माणूस, याचं अनेकवचन. उलट 'कातकरी' हे धंद्यावरून पडलेलं नाव: खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणारे. धंदा गेला, नाव राहिलं.

येरवडा

प्रतिष्ठा कशी जाते हेही शब्दांतच सापडतं. डहाणू-तलासरीकडे 'लग्नगडी' हा शब्द होता. लग्नाला सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. हिशेब सावकाराच्या वहीत, म्हणून फिटायचं कधीच नाही. 1945मध्ये वारली किसान सभेबरोबर वेठीविरुद्ध उभे राहिले, त्यात हीही प्रथा होती. 'गडी' आणि 'लग्न' हे दोन्ही शब्द निष्पाप. जोडले की गुलामी.

'जोहार'चा प्रवास उलट्या दिशेचा. चोखोबांच्या अभंगात जोहार आहे तो 'मायबाप' म्हणत, खालून वर केलेला. गडचिरोलीकडचा जोहार दोन बरोबरीच्या माणसांमधला नमस्कार आहे. अहवालात जोहार येत असेल तर कुठला ते बघा. महादेव कोळ्यांच्या वाडीत 'राम राम' ऐकला असेल तर 'राम राम'च छापा, रंगत आणायला जोहार घालू नका.

एक सर्वनामाचा मुद्दा. वारली बोलीत मोठ्यांनाही 'तू' म्हणतात, त्यात उणं काही नसतं. पण अहवालात विद्यार्थ्यांचं बोलणं 'तुम्ही'त आणि वाडीतल्या आजोबांचं 'तू'त छापलं, तर पुण्याचा वाचक आजोबांनाच अडाणी समजेल. बोली ठेवायची तर दोन्हीकडची ठेवा.

कोथरूड

'भगत' हा शब्द अहवालात तीनदा आहे. एकदा कंसात 'मांत्रिक' असा अर्थ दिला आहे. ठेवू?

घोडेगाव

कंस काढा. भगत हे 'भक्त'चंच रूप. तांदळाचे दाणे बघून दुखण्याचं कारण सांगणारा, वारं आलं की घुमणारा, झाडपाला देणारा, पूजा मांडणारा, हे सगळं एकाच माणसात असतं. 'मांत्रिक' म्हटलं की फक्त लिंबू-मिरची डोळ्यांसमोर येते. मात्र झाकपाकही नको. भगताकडे नेल्यामुळे सर्पदंशाच्या माणसाला दवाखान्यात उशीर झाला असेल, तर तेही तसंच लिहावं. जादूटोणाविरोधी कायदा 2013चा. त्याच्या नावातही 'अंधश्रद्धा' नाही. अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आहेत. कायदा कृतीला धरतो, मनाला नाही. अहवालानेही तेच करावं.

कोथरूड

मग असं:

'आंबेगाव तालुक्यातल्या एका महादेव कोळी वाडीत आम्ही आठ दिवस राहिलो. ही माणसं वाघोबाला मानतात आणि वाघबारसला त्याला आधी जेवू घालतात. त्यांनी आम्हाला घरात घेतलं, आपल्या ताटातलं वाढलं. आमच्यातले काहीजण देव मानत नव्हते. त्यांतले दोघे आता मानतात.'

प्रतिष्ठा हा शब्द आलाच नाही. चालेल ना?

औंध

चालेल. 'आपल्या ताटातलं' म्हणजे उष्टं असाही अर्थ निघतो. 'आपल्या पंगतीला बसवलं' करा.

सदाशिव पेठ

आणि 'वाघबारशीला'.