मदत हवी आहे: अपहरणाचे राज्यवार आकडे कसे वाचायचे?
एनसीआरबीच्या (देशभरातले गुन्ह्यांचे आकडे जमवणाऱ्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वार्षिक अहवालांतून 2016 ते 2022चे अपहरणाचे राज्यवार आकडे एक्सेलमध्ये घेतलेत. दर लाख लोकसंख्येमागचा दरही काढलाय, तेव्हा तो सल्ला नको. अडचण मोजणीची आहे. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सर्वांत गंभीर गुन्हाच धरतात. अपहरण करून खून झाला की प्रकरण खुनात जातं, अपहरणात दिसतच नाही. उलट हरवलेल्या अल्पवयीन मुलांची नोंद अपहरण म्हणून होते. म्हणजे जिथे पोलीस तक्रार लगेच नोंदवतात, तेच राज्य बदनाम होतं! हे मला फार खटकतं. दोषारोपपत्रांचं प्रमाण ताडून पाहिलं, उलगडा झाला नाही. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ नाही. गुन्हे वाढले की फक्त नोंदणी, हे छापील तक्त्यांवरूनच कसं ओळखायचं?