ड्रायस ऑक्टोपेटाला एकच जात धरायची की फोडायची?

तापीकाठचा: भुसावळला ४५ डिग्रीत बसून बर्फाळ भागातल्या फुलावर धागा काढतोय, हसू नका. ड्रायस ऑक्टोपेटाला म्हणजे गुलाबाच्या कुळातलं, जमिनीला चिकटून पसरणारं बुटकं झुडूप, पांढरं फूल, बहुतेक आठ पाकळ्या. लिनियसने १७५३ साली नाव दिलं आणि मग स्वालबार्ड, आइसलँड, आल्प्स, अलास्का, रॉकीज, सगळं त्याच नावात कोंबलं. आता अमेरिकेकडच्यांना हूकेरियाना, अजानेन्सिस अशी वेगळी नावं देताहेत, आणि माझ्या मते तेच बरोबर. पान उलटं करून मधल्या शिरेवरची पिसासारखी लव बघा, ग्रंथी आहेत की नाही ते बघा, फरक दिसतो. पुस्तकातला तो ध्रुवाभोवतीच्या अख्ख्या कड्याचा नकाशा मग एका जातीचा राहतच नाही.

भरीत_पार्टी: काय भो, लवीवरून जात? आपल्याकडे भरताचं मोठं हिरवं वांगं आणि भाजीचं छोटं काटेरी वांगं शेजारी ठेवा, बाहेरचा माणूस म्हणेल ही दोन वेगळी झाडं, पण पुस्तकात दोन्ही एकच जात. आणि ग्रीनलंडमध्ये ऑक्टोपेटाला नि ड्रायसचीच दुसरी जात इंटेग्रिफोलिया जिथं भेटतात तिथं मधल्या रूपाची संकरित झाडं उगवतात. सीमारेषा झाडालाच माहीत नाही तर तुम्ही कुठून आणली?

सातपुडा_भटक्या: वांगं माणसाने निवडून निवडून वेगळं केलं दादा, त्याचं इथं काय काम. ड्रायसला हिमयुगाने तोडलंय, डोंगर एकीकडे, टुंड्रा दुसरीकडे. आणि संकर होतो म्हणून जात एकच असं वनस्पतींमध्ये चालत नाही, नाहीतर निम्म्या जाती पुसाव्या लागतील.

यावलची_ताई: दोघंही थंडीवरच अडकलेत. आयर्लंडच्या बरेनमध्ये हेच फूल जवळपास समुद्राच्या पातळीला येतं! चुनखडीची उघडी जमीन हवी आणि डोक्यावर सावली धरणारं मोठं झाड नको, एवढीच त्याची अट. म्हणून तर हिमयुग सरताना ते उत्तर युरोपच्या मैदानातही पसरलं होतं, डेन्मार्क-स्वीडनच्या जुन्या चिकणमातीत पानं सापडतात, आणि साधारण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या थंडीच्या उलट्या झटक्याला यंगर ड्रायस नाव पडलं ते त्यावरूनच. आजचा नकाशा म्हणजे उरलेले तुकडे आहेत, तुकड्यातुकड्याला नाव देत बसलात तर मूळ गोष्टच हरवेल.

तापीकाठचा: ताई, तुकडे झाल्यावर ते वेगळे वाढले ना पण! अलास्कातला प्रयोग बघा, १९८३ ला छापून आलाय. उघड्या खडकाळ उतारावरची झाडं बर्फ साठणाऱ्या खोलगटात लावली आणि तिकडची इकडे, दोन्ही परक्या जागी मागे पडली.

भरीत_पार्टी: तोच प्रयोग माझ्या बाजूने आहे की! त्या दोन जागा एकाच डोंगराच्या कुशीत, परागकण इकडून तिकडे जातात, तरी फरक टिकतो कारण प्रत्येक जागा आपापलं झाड निवडते. याला परिसरानुसार पडलेलं रूप म्हणतात. तुमच्या हिशोबाने उताराला एक जात, खोलगटाला दुसरी?

सातपुडा_भटक्या: हो, खोलगटवाल्याला अलास्केन्सिस म्हणून वेगळं धरणारे आहेतच. डीएनए बघून ठरवा, नुसतं अंतर मोजून नाही.

यावलची_ताई: मग नाव बदलेपर्यंत हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या, शीटवर काय लिहायचं? जुनं लेबल काढू नका एवढंच म्हणते, खाली नवी चिठ्ठी चिकटवा आणि सोबत तारीख टाका.

भरीत_पार्टी: चिकटवा बापा, पण शोधनिबंधात मी ऑक्टोपेटालाच लिहिणार.