क्लस्टर बॉम्बविरोधी करारातून पीडितांच्या पदरात नेमके काय पडते?

फोंड्याची वाचक
पणजीत भरणाऱ्या पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या महोत्सवाच्या निमित्ताने आमच्या वाचनमंडळात युद्ध आणि अपंगत्व या विषयावर चर्चा ठेवली आहे. २००८ च्या कराराने क्लस्टर बॉम्बवर, म्हणजे हवेत उघडून असंख्य छोटे बॉम्ब विखरणाऱ्या बॉम्बवर, बंदी आली, हे ठाऊक आहे. परंतु ज्यांचे हातपाय त्याआधीच गेले, त्यांना त्या कागदाचा काय उपयोग? शिवाय भारताने त्यावर सही केलेली नाही.

डिचोलीकर
कराराचे पाचवे कलम अवश्य वाचावे. उपचार, पुनर्वसन, मानसिक आधार आणि समाजात व अर्थव्यवहारात पुन्हा स्थान, हे सारे आपल्या हद्दीतील पीडितांना पुरवण्याचे बंधन सदस्य देशावर आहे, आणि 'पीडित' म्हणताना जखमींबरोबर त्यांचे बाधित कुटुंबही धरलेले आहे. अन्य कारणाने अपंग झालेल्यांशी भेदभाव करू नये, असेही तेथे बजावले आहे. हा करार घडवून आणणाऱ्या मोहिमेत पीडित केवळ छायाचित्रांपुरते नव्हते. सर्बियाचे ब्रानिस्लाव कापेतानोविच बॉम्ब निकामी करण्याचे काम करीत. २००० साली त्यांचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गेले, आणि पुढे तेच मोहिमेचे प्रवक्ते झाले.

कार्यशाळेतला माणूस
कृत्रिम अवयवांच्या कामात असल्याने थोडी भर घालतो. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर २७ कोटींच्या आसपास छोटे बॉम्ब पडले आणि त्यांपैकी अंदाजे ३० टक्के फुटलेच नाहीत. चेंडूएवढी ती वस्तू मुले उचलतात. मुलाला पाय बसवला की काम संपले, असे देणगीदारांना वाटते. प्रत्यक्षात मूल वाढते, सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा भाग) घट्ट होतो, काठाखालची कातडी लाल होऊन सोलवटते, आणि मग तो पाय काढून कोपऱ्यात ठेवला जातो. म्हणून लाओसची राजधानी व्हिएनतियान येथील 'कोप'सारखी, पाय पुन्हापुन्हा बदलून देणारी केंद्रे वर्षानुवर्षे चालू राहावी लागतात. उद्घाटनाला पैसे मिळतात, दुरुस्तीला मिळत नाहीत, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

मांडवीकाठ
भारत बाहेर आहे, तसेच अमेरिका, रशिया आणि चीनही; लिथुआनिया तर मार्च २०२५ मध्ये सदस्यत्व सोडून बाहेर पडला. मात्र दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्येच मान्य केला आहे, तेव्हा पुनर्वसनाचा मुद्दा आपल्या खासदारांपुढे त्या आधारे मांडता येईल. पोर्तुगाल मात्र क्लस्टर बॉम्ब कराराचा सदस्य आहे. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट बाळगणारी घरे कमी नाहीत (त्यावर वाद घालण्याची ही जागा नव्हे). लिथुआनियाबाबत आपण काय भूमिका घेतली, असे त्यांनी लिस्बनला पत्राने विचारायला हरकत नाही.