डिसेंबरात एका दिवसाचा लांब ट्रेक: दूधसागर की कुद्रेमुख?

डेन्व्हरहून

मंडळातील सर्व ज्येष्ठांना आणि स्नेह्यांना सादर नमस्कार.

यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही माझ्या आजोळी, मडगावला, येत आहोत. सोबत येथील मंडळातली आणखी दोन कुटुंबे असतील. गोव्यात आल्यावर देवदर्शन, नातेवाइकांकडची जेवणे आणि समुद्रकिनारा हे ठरलेलेच असते. पण मुलांना आता चालण्याची गोडी लागली आहे आणि आपला सह्याद्री त्यांनी आजवर गाडीच्या खिडकीतूनच पाहिला आहे, याची मला फार दिवसांपासून रुखरुख वाटते. म्हणून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असा एक लांब ट्रेक करायचा विचार आहे. तो राष्ट्रीय उद्यानात असेल तर मुलांना आपले जंगलही नीट पाहायला मिळेल.

येथे रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात आमचे नेहमी जाणे असते. ४,३४६ मीटर उंचीच्या लाँग्ज पीकची येऊन-जाऊन सुमारे २४ किलोमीटरची वाट आमच्यापैकी दोघांनी पूर्ण केली आहे, त्यामुळे अंतराची धास्ती नाही. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत: कर्नाटकातल्या कॅसलरॉकपासून दूधसागर धबधब्यामार्गे गोव्यातल्या कुळ्यापर्यंत रेल्वेच्या कडेने उतरणे, मोले उद्यानातून कुळे ते दूधसागर पायी जाऊन परत येणे, किंवा कर्नाटकात जाऊन कुद्रेमुखचे शिखर गाठणे. चालणारे आठ जण आहोत. सर्वांत लहान मुलगी तेरा वर्षांची आहे. सर्वांत ज्येष्ठ माझे सासरे असून ते रोज नेमाने चालतात, मात्र उतारावर त्यांचा एक गुडघा दुखतो. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

आपला नम्र,
डेन्व्हरहून

फोंड्याहून

स.न.वि.वि.

आपले पत्र वाचून फार आनंद झाला. मुलांना सह्याद्री पायी दाखवावा असे वाटणारे पालक आहेत, हेच मला मोठे वाटते. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला पर्याय आत्ताच बाजूला काढा. कॅसलरॉक ते कुळे हा रेल्वेमार्ग १८८८ च्या सुमारास सुरू झालेल्या जुन्या पोर्तुगीजकालीन लोहमार्गाचा घाटातला भाग आहे. त्याचा चढ ३७ ला १ इतका तीव्र आहे आणि वाटेत बोगद्यामागून बोगदे आहेत. आत असताना गाडी कोणत्या बाजूने येते आहे हे कळायला वेळ लागतो आणि कडेला सरकायला जागाही फारशी नसते. एके काळी लोक सर्रास तेथून चालत, त्यांची छायाचित्रे अजून फिरतात आणि त्यामुळे दरवर्षी नवे लोक फसतात. रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, त्यासाठी कैदही होऊ शकते, आणि अलीकडे रेल्वे पोलीस तेथे खरोखरच अडवतात. मुलांना घेऊन तेथे जाण्याचा विचारही करू नये.

उरलेल्या दोहोंतून निवडताना आपण अंतरापासून सुरुवात केली आहे. माझी विनंती आहे की सुरुवात घड्याळापासून करावी. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. उजेड अकरा तासांचा मिळतो, आणि दाट झाडीत तर पाचनंतरच अंधारून येते. पायवाट, ओढा आणि झाडांची मुळे दिसत नाहीत अशा वेळी आपण डोंगरात असता कामा नये. जो मार्ग आपल्यातला सर्वांत सावकाश चालणारा माणूस या उजेडात तासाभराहून अधिक वेळ शिल्लक ठेवून पूर्ण करू शकेल, आणि जेथून अर्ध्यावर परतावे लागले तरी दिवस वाया गेल्यासारखे वाटणार नाही, तोच मार्ग आपला. माझ्या मते बाकी सर्व विचार यानंतरचे.

आता हिशेब मांडू. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने घालून दिलेला आडाखा आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. कुद्रेमुखची वाट मुल्लोडी गावापासून येऊन-जाऊन साधारण वीस किलोमीटर आहे आणि चढ नऊशे ते हजार मीटर. आडाख्याप्रमाणे साडेपाच तास होतात. पण तो आडाखा सडसडीत, सरावलेल्या माणसाचा आणि थंड हवेतला आहे. आठ जणांच्या घोळक्यासाठी आणि आपल्या दमट हवेसाठी मी त्याची दीडपट धरतो, म्हणजे सव्वाआठ ते साडेआठ तास, आणि वर जेवण-विसाव्याचा एक तास. सकाळी सातला पाऊल टाकले तर साडेचारच्या आसपास खाली याल. हे बसते, पण सकाळी आठ-साडेआठ वाजले तर बसत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण अमेरिकेतून येणाऱ्यांचा अंदाज नेमका येथेच चुकतो. कुद्रेमुखचे शिखर १,८९४ मीटर उंच आहे आणि आपले डेन्व्हर शहरच सुमारे १,६०० मीटरवर आहे. म्हणजे आपण ज्या शिखरावर चढणार, ते आपल्या घराच्या उंबऱ्यापेक्षा तीनशे मीटरदेखील उंच नाही. विरळ हवेचा त्रास आपल्यापैकी कोणालाच होणार नाही. त्रास होईल तो घामाचा. कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत घाम आल्याआल्या वाळतो आणि अंग निवते. येथे तो अंगावरून नुसता ओघळत राहतो, शरीरातले पाणी आणि मीठ जाते, आणि उष्णता मात्र आतच राहते. तिकडे आपण दुपारच्या विजांच्या भीतीने मध्यरात्रीनंतर निघून दुपारपूर्वी शिखरावरून उतरता. येथे डिसेंबरात विजांचे भय नसते, पण कुद्रेमुखच्या वरच्या अंगाला उघडा गवताळ माळ आहे, त्यावर सावली नाही आणि अकरानंतर ऊन चांगलेच भाजते. प्रत्येकाजवळ किमान तीन लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या आणि रुंद काठाची टोपी हवी. सकाळी पोटभर उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे घेऊन निघालेला माणूस बिस्किटांवर निघालेल्या माणसापेक्षा उशिरा थकतो, असे मी वारंवार पाहिले आहे.

दूधसागरचा पर्याय तोलून पाहू. मोले राष्ट्रीय उद्यान १०७ चौरस किलोमीटरचे असून ते भगवान महावीर अभयारण्याचाच गाभा आहे. कुळ्याहून धबधब्यापर्यंत जाणारा जीपचा कच्चा रस्ता एका बाजूने दहा-बारा किलोमीटर भरतो, चढ जवळजवळ नाही, वाटेत ओहोळ ओलांडावे लागतात आणि शेवटी ३१० मीटर उंचीचा धबधबा. सासऱ्यांच्या गुडघ्याला हा रस्ता नक्कीच सोपा. वाटेत थांबून मुलांना ऐनाचे झाड दाखवा. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची असते आणि उन्हाळ्यात काही झाडांच्या खोडाला फुगवटा येऊन त्यात पाणी साठते. पण नाताळच्या आठवड्यात त्या रस्त्यावरून सकाळपासून पर्यटकांच्या जीपची रांग लागते, आणि तांबड्या धुळीत तोंडाला रुमाल बांधून आठ तास चालणे म्हणजे जंगल पाहणे नव्हे. तरीही पायी जायचेच असेल तर मोले येथील वन खात्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन परवानगी पक्की करावी. वाटेत कोणी सांगितले म्हणून निघू नये.

माझे मत कुद्रेमुखच्या बाजूने आहे. १९८७ साली घोषित झालेले हे सुमारे ६०० चौरस किलोमीटरचे उद्यान, घळींत दाटलेली शोला नावाची सदाहरित वने आणि त्यांच्यावर पसरलेले गवताचे डोंगर, असे दृश्य गोव्याच्या हद्दीत नाही. तेथील लोहखनिजाची खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस बंद झाली, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. खाणीने डोंगराचे काय होते हे गोव्याच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आणखी एक सोय म्हणजे ही वाट शिखराच्या आधी कोठेही सोडली तरी मन भरते. उघड्या माळावर पोहोचलात की चहूकडचे डोंगर दिसू लागतात. प्रवेशाची परवानगी कर्नाटक वन खात्याकडून ऑनलाइन आधी काढावी लागते, रोजच्या माणसांची संख्या ठरलेली असते, मार्गदर्शक घ्यावाच लागतो आणि रात्री वर मुक्काम करता येत नाही. परवानगी मिळाल्यावरच रेल्वेची तिकिटे काढा.

आपला,
काका (फोंडा)

मडगावहून

काकांना आणि सर्वांना नमस्कार.

काकांनी वेळेचा हिशेब मांडला आहे, त्यात मला काही बदल सुचवायचा नाही. पण जंगलात पाऊल ठेवण्यापूर्वी माकडतापाविषयी सर्वांना माहिती असली पाहिजे, म्हणून हे लिहिते. मी सत्तरी तालुक्यात आरोग्य खात्याच्या सेवेत असताना हे रुग्ण जवळून पाहिले आहेत.

हा विषाणूजन्य ताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला आणि २०१५ च्या सुमारास तो गोव्यात, सत्तरी तालुक्यातही दिसू लागला. तेथे तो मुख्यतः काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांना झाला. तो गोचिडींमुळे पसरतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाल्यापाचोळ्यात उतरतात आणि तेथे बसणाऱ्या माणसाला चिकटतात. त्यांची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात, सहजासहजी दिसत नाहीत, आणि त्यांचा सुळसुळाट नेमका हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो. दूधसागर निवडा किंवा कुद्रेमुख, हा धोका दोन्हीकडे लागू आहे.

काळजी साधी आहे, पण ती प्रत्येकाने घेतली पाहिजे. पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे चढणारी गोचीड नजरेस पडते. पँटचे पाय मोज्यांत खोचावेत, उघड्या त्वचेला गोचिडींना दूर ठेवणारे डीएमपी तेल किंवा डीट असलेले मलम लावावे, आणि जेवायला बसताना पाचोळ्यावर न बसता उघड्या खडकावर बसावे. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, मार्गदर्शकाला सांगावे. खाली आल्यावर त्याच संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू आणि कानांमागे नीट तपासावे. चिकटलेली गोचीड नखाने चिरडू नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. ताप साधारण तीन ते आठ दिवसांनी येतो, म्हणजे तोवर आपण डेन्व्हरला परतलेले असाल. त्या काळात कोणाला अचानक थंडी वाजून जोराचा ताप आला आणि डोके, अंग दुखू लागले, तर तेथील डॉक्टरांना पश्चिम घाटाच्या जंगलात गेलो होतो आणि तेथे गोचिडीपासून होणारा हा ताप आढळतो, हे न विसरता सांगा. त्यांच्या मनात हा आजार आपणहून येणार नाही.

मार्गाबद्दल मलाही कुद्रेमुखच बरे वाटते. फक्त गोव्याहून जाऊन त्याच दिवशी चालायचे असा बेत कोणी करू नये. मडगावहून उडुपीपर्यंत कोकण रेल्वेने जावे, तेथून कारकळमार्गे गाडीने कळसा या गावी पोहोचावे आणि रात्री तेथे लवकर झोपावे. ज्यांना चालायचे नाही त्यांना जवळच होरनाडूला अन्नपूर्णेश्वरीचे दर्शन घेता येईल.

त्याआधी दोन-तीन दिवस तांबडी सुर्ल्याला एक सकाळ काढा, असे सुचवते. काळ्या दगडातले कदंबकालीन महादेवाचे मंदिर पाहा आणि जंगलालगतच्या रस्त्याने पाठीवर भरलेली पिशवी घेऊन दोन-अडीच तास चाला. कोणाचे बूट लागतात, कोण पाणी कमी पिते आणि कोणाला दमट हवा मानवत नाही, हे त्या सकाळीच कळेल, आणि तेथून मडगावला जेवायच्या वेळेला परत येता येते.

आपली,
ताई (मडगाव)

डेन्व्हरहून

काका आणि ताई, आपण दोघांनी इतक्या आपुलकीने वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन्ही पत्रे घरात सर्वांनी एकत्र बसून वाचली. रुळांचा बेत रद्द केला आहे. कुद्रेमुख ठरवत आहोत, आणि तांबडी सुर्ल्याची सकाळही. सासऱ्यांचा आग्रह आहे की त्यांनी ओंटी मरा नावाच्या एकाकी झाडापर्यंत यावे, गुडघा कसा आहे ते पाहावे, आणि जमत नसेल तर तेथून परत फिरावे. इतरांनी पुढे जावे. हे योग्य होईल का?

आपला नम्र,
डेन्व्हरहून

फोंड्याहून

बेत चांगला आहे, फक्त त्यात एक गोष्ट राहून गेली आहे. सासरे परतले तर त्यांच्यासोबत कोण परतणार, हे आजच ठरवा. जंगलात कोणालाही एकटे परत पाठवायचे नाही आणि मार्गदर्शकाने एका माणसासाठी उरलेल्यांना सोडून जाणेही बरोबर नाही. म्हणून मुल्लोडीला दोन मार्गदर्शक सांगून ठेवा आणि सोबतीला घरचे एक माणूस आधीच नेमा, म्हणजे वर पोहोचल्यावर कोणाचा हिरमोड होणार नाही. उतारासाठी त्यांना दोन काठ्या द्या. एका काठीने दुखऱ्या गुडघ्यावरचा भार पुरेसा हलका होत नाही. पुढे जाणाऱ्यांनी साडेबाराची वेळ पक्की धरावी: त्या वेळी जेथे असाल तेथे डबे उघडावेत आणि जेवून खाली फिरावे, मग शिखर समोर दिसत असले तरी. कळसा ते मुल्लोडी या प्रवासातला शेवटचा तुकडा जीपचा आहे. ती जीप पहाटेची सांगायला विसरू नका, कारण सातला पाऊल टाकणे सर्वस्वी तिच्यावर अवलंबून आहे.

काका (फोंडा)