आपल्यापाशी लपवासारखं हाये तरी काय?

धुऱ्यावरून:
मागच्या हप्त्यात पानठेल्यावर गोष्ट निघाली. बोंडअळीचं औषध मी मोबाइलवर एकदाच पाह्यलं, अन् दुसऱ्या दिवसापासून फवारणी पंप, औषधं अन् त्याच्या मागून 'पाच मिनिटांत कर्ज' वाल्या जाहिराती सुरू झाल्या. हे सांगितलं तर एक काका म्हणे, "अबे, तुह्यापाशी लपवासारखं हाये तरी काय? तीन एकर वावर अन् सोसायटीचं कर्ज. ते तर साऱ्या गावाले माहीत हाये." सारे हासले, मीबी हासलो.

पण माहं म्हणणं असं, का गावाले मी माहीत हाये तसं मलेबी गाव माहीत हाये. जो माहं कर्ज मोजते, त्याचं मी मोजतो. मोबाइलवाला मले पाहते अन् मले तो दिसतच नाई. ढोरांच्या बाजारात बैल पसंत पडला तरी आपण तोंड वाकडं करून उभे रायतो ना? काहून? गरज दिसली का भाव गेला. अन् इथं पेरणीच्या तोंडावर आपला हात रिकामा हाये, हे खिशातला फोनच सांगून देते.

सेतूवाला:
भाऊ, मी सेतू चालवतो. शेतकरी ओळख क्रमांक, पीक विमा, लाडक्या बहिणीची केवायसी, सारं माह्या टेबलावरून जाते. लोकं आधारची झेरॉक्स टेबलावर तशीच सोडून जातात अन् अनोळखी माणसाले फोनवर ओटीपी सांगतात. आधी ते सुधरवा. जाहिरात पाहून कोनाचं काही गेलं नाई, नको असंल तर बोटानं वर सरकवा. जाहिरात हाये म्हणून यूट्यूब फुकट हाये, अन् त्याच्यावरच आपले पोट्टे पोलीस भरतीचा अभ्यास करून रायले. महिन्याचे पैसे भरून चालवसान काय?

वणीकडचा:
कोनाचं काही गेलं नाई? माह्या मावसभावानं अशीच जाहिरात पाहून एका अ‍ॅपवरून खतासाठी आठ हजार घेतले. हप्ता चुकला तं त्याच्या फोनमधल्या साऱ्या नंबरांवर फोन गेले. मामाले, शाळेच्या मास्तराले, अन् जिथं सोयरिक जुळत होती त्या पाव्हण्याले. सोयरिक तुटली. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सांगितलं होतं, का कर्जाच्या अ‍ॅपनं फोनमधल्या नंबरांच्या यादीले हात लावायचा नाई.

सेतूवाला:
नियम होता ना मंग? तरी परवानगीचं बटन दाबलं कोनं?

वणीकडचा:
त्यानंच दाबलं. खताची गाडी फाट्यावर उभी होती. इंग्रजी वाचत बसला असता काय?

हळदवाला:
मी समुद्रपूर तालुक्यातला, वायगाव हळदीच्या पट्ट्यातला. आमच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं गिऱ्हाईक दारात येत नाही. मी दोन हजारांची जाहिरात टाकतो: पुणे, मुंबई, वय तीसच्या वर, घरगुती मसाल्यांची आवड. नेमकी तीच माणसं सापडतात. टीव्हीवर झळकायची ऐपत मोठ्या मसालेवाल्यांची, माझी नाही. हे नेम धरणं बंद केलं तर बुडेल कोण? २०२१ मध्ये अ‍ॅपलनं नियम केला की माग काढण्याआधी अ‍ॅपनं माणसाला विचारावं, तेव्हा 'छोटे धंदे मरतील' म्हणून फेसबुकनं ओरड केली होती. फेसबुकचं प्रेम खोटं असेल, मुद्दा खोटा नव्हता.

एका घरची सून:
दादा, तुमची हळद विकली जावो. पण तुम्ही सगळे 'माझा फोन' म्हणता. आमच्याकडे फोन एक आहे. दिवसा मामाजींच्या खिशात, संध्याकाळी पोरीच्या अभ्यासाला, रात्री भांडी आवरून झाली की माझ्या हातात. पाळी चुकली म्हणून मी एकदा थोडं काही शोधलं आणि पाहिलेलं पुसूनही टाकलं. दोन दिवसांनी मामाजी ओसरीत बसून कापसाचे भाव पाहत होते, तर मध्येच गर्भचाचणीची जाहिरात. ते काही बोलले नाहीत, फोन आत्याबाईंच्या हातात दिला आणि वावरात निघून गेले. नवऱ्याला मी अजून सांगितलंही नव्हतं.

आणि पोरीचं सांगते. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला लोकांची खासगी माहिती जपायच्या २०२३ च्या कायद्यात मनाई आहे. पण खातं मामाजींच्या नावावर. कंपनीच्या लेखी माझी सातवीतली पोरगी म्हणजे ६२ वर्षांचा बाप्या.

सेतूवाला:
ताई, हे वाईट झालं. फोन बोललेलं ऐकते म्हणतात ते खरंच हाये मंग.

नागपुरात शिकणारा:
ऐकायची गरजच पडत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांवर अँड्रॉइड अ‍ॅप तपासले. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. पडद्यावर काय चाललंय ते टिपून पाठवणारे मात्र निघाले. शोधलेलं, पाहिलेलं, जिथे फिरलो ती ठिकाणं एवढ्यावर भागतं. प्रत्येक अँड्रॉइड फोनला एक जाहिरात आयडी असतो, त्यावर हे सगळं गोळा होतं. सेटिंगमध्ये गूगल, तिथे जाहिराती, तिथून तो आयडी काढून टाकता येतो. ताई, तुमच्याकडे तेवढ्यानं भागणार नाही, गूगल खात्यातल्या वैयक्तिक जाहिरातीही बंद करा.

पानठेल्यावरच्या काकांना सांगा, त्यांच्यासारखंच सुप्रीम कोर्टातही बोलून झालंय. गरिबाला आधी अन्न हवं, खासगीपणा हे मूठभरांचं चोचलं, असा युक्तिवाद सरकारकडून झाला होता. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी तो एकमतानं फेटाळला.

सेतूवाला:
निकाल २०१७ चा, कायदा २०२३ चा, अन् नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यातही कंपन्यांले १८ महिन्यांची मुदत. सरकारी खात्यांले केंद्र सूट देऊ शकते ते वेगळंच. तोवर माह्या टेबलावरच्या झेरॉक्स मलेच फाडाव्या लागतीन.

धुऱ्यावरून:
फाडा बाप्पा, तेवढं तरी करा. हळदवाले भाऊ, तुमचं दुखणं खरं हाये. स्वयंपाकाचा व्हिडिओ सुरू असंल तिथं हळदीची जाहिरात लावा, कोन नाई म्हणते? पण गिऱ्हाइकाच्या मागं मागं त्याच्या घरात काहून घुसता?

हळदवाला:
कारण त्या व्हिडिओवरची जागा मोठ्यानं आधीच घेतलेली असते. तिथला भाव मला झेपत नाही. ताईंचं वाचून मलाही कसंतरी झालं, पण पुढच्या हंगामात माल कुठे नेऊ, हे कोणी सांगत नाही.

धुऱ्यावरून:
मी काल तो आयडी काढून टाकला. कर्जवाले गेले, आता लग्न जुळवणाऱ्या जाहिराती येऊन रायल्या. मले दोन पोट्टे हायेत.

हळदवाला:
बघा. माझी आली असती तर वहिनींनी किलोभर हळद तरी घेतली असती.