मोटर फिरताच एन्कोडरची मोजणी बिघडते: तारांची मांडणी कशी असावी?

प्रश्न:
दोन चाकांच्या रोबोटमध्ये मी आर्डुइनो उनो (नियंत्रक बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरींना वीज देणारे मॉड्यूल), ११.१ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि एन्कोडर (फिरणे मोजणारा सेन्सर) असलेल्या दोन गिअर मोटरी वापरल्या आहेत. उजवी मोटर एकटीच फिरवली तरी थांबलेल्या डाव्या चाकाची मोजणी वाढत जाते, आणि दिशा उलटवताना उनो कधीकधी रीसेट होतो. सर्व तारा केबल टायने एकत्र बांधल्या आहेत. उनो आणि सेन्सर फिरवणारा सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर), दोन्हींना ड्रायव्हरवरच्या ५ व्होल्टमधून वीज दिली आहे. शील्ड (धातूचे संरक्षक आवरण) असलेली केबल घ्यावी, की मांडणीच बदलावी?

उत्तर १:
आधी मांडणी बदलावी, आणि तिची सुरुवात ग्राउंडपासून करावी. २८ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) २० सेंटीमीटर जंपर वायरचा रोध सुमारे ०.०४ ओहम असतो; तिच्यातून मोटरींचा ३ अँपिअर प्रवाह गेला, तर तिच्या दोन टोकांत ०.१२ व्होल्टचा फरक पडतो, आणि ब्रेडबोर्डच्या सैल संपर्कांमुळे तो आणखी वाढतो. उनोचे ग्राउंड याच वायरवर असेल, तर त्याचा शून्य व्होल्ट प्रत्येक धक्क्याला हलतो. म्हणून बॅटरीची ऋण तार जाड, निदान १८ गेजची घेऊन थेट ड्रायव्हरच्या ग्राउंड टर्मिनलला जोडावी, तिथूनच उनोला स्वतंत्र तार न्यावी आणि सेन्सरांचे ग्राउंड उनोवर घ्यावे.

अशा मोटरींच्या सहा तारा बहुधा एकाच कनेक्टरमधून येतात: दोन मोटरच्या, चार एन्कोडरच्या. त्या कनेक्टरपासूनच वेगळ्या कराव्यात. मोटरच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा आणि मोटरच्या टर्मिनलांवरच ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करावा. तो ड्रायव्हरपाशी लावल्यास फारसा उपयोग होत नाही. एन्कोडरच्या तारा चासीच्या दुसऱ्या कडेने न्याव्यात, आणि मोटरच्या तारा ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात. ड्रायव्हर मोटरींजवळ ठेवून नियंत्रणाच्या तारा लांब ठेवलेल्या बऱ्या, मात्र त्यांच्यासोबत ग्राउंडची एक तार हवीच.

उत्तर २:
रीसेटबाबत माझा संशय सर्वोवर आहे. ड्रायव्हर मॉड्यूलवरील ७८एम०५ रेग्युलेटर जेमतेम अर्धा अँपिअर देतो, आणि अडकलेला छोटा सर्वोही एकटाच तेवढा प्रवाह ओढू शकतो. सर्वोला बॅटरीवरून वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारे मॉड्यूल) द्यावा. शिवाय ड्रायव्हरच्या ईएनए आणि ईएनबी या, मोटरी चालू-बंद करणाऱ्या पिनांवर ग्राउंडकडे १० किलोओहमचा रोधक लावावा, कारण रीसेटच्या क्षणी उनोच्या पिना तरंगत्या (कोणत्याही निश्चित व्होल्टेजविना) राहतात आणि चाके उगाच झटका घेतात.

उत्तर ३:
शील्डचा खर्च तूर्त टाळावा. एन्कोडरचे आउटपुट ओपन कलेक्टर प्रकारचे (सिग्नल फक्त ग्राउंडकडे ओढू शकणारे) असेल, तर उनोचा २० ते ५० किलोओहमचा अंतर्गत पुल-अप (सिग्नल ५ व्होल्टकडे ओढणारा रोधक) फार दुबळा ठरतो, ४.७ किलोओहमचा बाहेरून लावून पाहावा. त्यानंतरही शील्ड लागलीच, तर ती उनोच्या बाजूला, एकाच टोकाला ग्राउंड करावी, अन्यथा मोटरचा प्रवाह तिच्यातूनही वाट काढतो.

प्रश्नकर्ता:
तारा वेगळ्या करून पीळ दिल्यावर डाव्या चाकाची खोटी मोजणी बरीच उतरली, आणि ४.७ किलोओहम लावल्यावर पूर्ण थांबली. रीसेट मात्र अजून होतो. बक कन्व्हर्टर मागवला आहे. त्याचे ग्राउंड ड्रायव्हरच्या टर्मिनलवर घ्यावे की उनोवर?

उत्तर २:
ड्रायव्हरच्या टर्मिनलवर. सर्वोचा प्रवाह उनोच्या ग्राउंड तारेतून जाता कामा नये. उनोकडून सर्वोला फक्त सिग्नलची तार न्यावी.