आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं भरपाई ठरवली, पण पैसे कोणी द्यायचे?

द्वारकाकर
२०२४ च्या फेब्रुवारीत हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं युगांडातला बंडखोर कमांडर डॉमिनिक ऑनग्वेन याच्या प्रकरणात ५.२४ कोटी युरोंची भरपाई ठरवली. पीडित सुमारे ५० हजार, प्रत्येकी ७५० युरो आणि बाकी सामूहिक मदत. पण ऑनग्वेनकडे दमडी नाही. मग हे पैसे युगांडाच्या सरकारनं का भरू नयेत?

मी एवढ्या पोटतिडकीनं का विचारतोय ते सांगतो. माझ्या वडिलांना द्वारका चौकात टेम्पोनं उडवलं. टेम्पोचा विमा संपलेला होता. निकाल आमच्या बाजूनं लागला, वसुलीची दरखास्त टाकली, सहा वर्षं झाली. निवाड्याची नक्कल आई साड्यांच्या घडीखाली ठेवते. घडीवर कागद फाटायला लागला, तेव्हा मी लॅमिनेट करून आणला.

गंगापूररोड_७२
दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तरी पटत नाही. ऑनग्वेन सरकारचा माणूस नव्हता, सरकारविरुद्ध लढणाऱ्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीचा कमांडर होता. बंडखोरांनी गावं जाळायची आणि भुर्दंड करदात्यांनी सोसायचा? तिथले करदाते म्हणजे होरपळलेली तीच माणसं.

वकील_ताई
नाशिकच्या कोर्टात वकिली करते, म्हणून थोडं खुलासेवार. हेगला दोन वेगळी न्यायालयं आहेत. एकात राष्ट्रांचे वाद चालतात. त्यानं २०२२ मध्ये युगांडा सरकारलाच काँगोला ३२.५ कोटी डॉलर द्यायला सांगितलं, वर्षाला साडेसहा कोटींचे पाच हप्ते. तिथं दोष सरकारचा, पैसेही सरकारचे. दुसऱ्यात, म्हणजे ऑनग्वेनच्या फौजदारी न्यायालयात, खटला व्यक्तीवर चालतो. ते न्यायालय सरकारला भरपाई भरायला लावू शकत नाही. गुन्हेगार कफल्लक निघाला की भिस्त पीडितांच्या विश्वस्त निधीवर, आणि तो मुख्यतः देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो.

आपल्याकडे मात्र जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३९६. आरोपी सापडला नाही तरी पीडिताला सरकारी निधीतून भरपाई मिळू शकते. यात सरकार गुन्हेगार ठरत नाही. नागरिकाला वाचवू शकलो नाही, एवढी जबाबदारी घेतं.

दादा, तुम्ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली वसुलीचा दाखला काढला का? जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

द्वारकाकर
काढला ताई. तलाठ्याचा अहवाल आला, ‘मालमत्ता आढळून आली नाही.’ एका ओळीत.

गंगापूररोड, तुमचा मुद्दा खरा आहे. गरीब देशाला एकट्याला हे झेपणार नाही, तिथं निधीनं भर घालावी. पण पहिला हात सरकारनंच पुढं करावा, आणि नंतर गुन्हेगाराकडून वसूल करत बसावं. सरकार थांबू शकतं. काँगोचा बंडखोर नेता लुबांगा याच्या प्रकरणात २००२-०३ मध्ये ज्या मुलांच्या हाती बंदुका दिल्या, त्यांच्या भरपाईचा आकडा, १ कोटी डॉलर, २०१७ च्या डिसेंबरात ठरला. तोवर त्यातली कितीतरी पंचविशी ओलांडून गेली होती. शाळेत जायचं वय तर कधीच निघून गेलं.

आई आता ७१ वर्षांची आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.